पाठीमागून पांढरी

आमच्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना चित्रं म्हणत. वसुबारसेच्या आधी आठवडाभर साताऱ्याच्या बाजारात कुंभारणी पोती पसरून बसायच्या. भालेवाला मावळा, तुतारीवाला, डोक्यावर हंडे घेतलेली गवळण, तराजू धरून बसलेला ढेरपोट्या वाणी, शेंडीवाला भटजी, गुहेत ठेवायचा वाघ आणि जात्यावर दळणारी बाई. मावळा बुरुजापेक्षा उंच आणि वाघ हत्तीएवढा, पण त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही.

ही चित्रं साच्यातली. पुढची बाजू एका साच्यात दाबायची, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायच्या. जोडाची रेघ कुशीवरून खाली उतरलेली दिसायची. साचा जुना झाला की आधी नाक जाई, मग ओठ. त्यानं काही बिघडत नसे. शेंडी दिसली की भटजी, ढेरी दिसली की वाणी. शिवाजी महाराजांना तर नाकडोळ्यांची गरजच नव्हती. जिरेटोप आणि टोकदार दाढी एवढ्यावर तीन वर्षांचं पोरही हात जोडायचं. आता गंमत अशी की महाराजांचं म्हणून कितीतरी वर्षं भलतंच चित्र छापलं जात होतं, ते खरं तर कुणा इब्राहिमखानाचं. वा. सी. बेंद्र्यांनी १९३३ साली अस्सल चित्र लोकांसमोर आणलं, तेव्हा कुठे आज आपण ओळखतो तो चेहरा घरोघर गेला.

मातीच्या माणसांना असं खुणांवर निभावून नेणं काही आपल्या किल्ल्यांपुरतं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात बंगालातल्या कृष्णनगरला, लखनौला, आपल्या पुण्यालाही साहेबलोकांसाठी मातीचे भिस्ती, धोबी, भटजी घडवले जात. १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनात कृष्णनगरच्या मूर्ती मांडल्या होत्या. कारागिरी अशी की मनगटावरची शीर दिसावी. पण माणसाला नाव नाही, नुसता धंदा आणि जात. भाच्याच्या डब्यातल्या लेगोच्या माणसांची गोष्ट याच्या उलट. १९७८ साली ती आली तेव्हा सगळ्यांची तोंडं सारखी पिवळी, दोन टिपके आणि एक हसू. तरी १९८९ साली त्यांच्यात चाचे आले तेव्हा डोळ्यावर पट्टी, लाकडी पाय आणि हाताच्या जागी आकडा आलाच.

आमच्या बाजारात शत्रू विकत मिळत नसे. मग आम्ही दोन मावळे जास्तीचे आणायचो आणि घरी त्यांना हिरवे अंगरखे चढवायचो. दाढ्या काढायचं काम गल्लीतल्या माझ्या जोडीदाराकडे, कारण त्याचा हात चांगला होता. ईदला आम्ही शिरखुर्मा प्यायचो तो त्याच्याच घरी. दाढ्या काढताना त्याच्या मनात काय येत होतं, ते मी कधी विचारलं नाही. पुढे ते लोक मिरजेकडे गेले.

दळणारी बाई झोपडीपाशी ठेवताना दादा दरवर्षी म्हणायचा, "ही आई." घरात जातं नव्हतं. दळणाचा डबा गिरणीत न्यायचो मी. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. फराळाचं सगळं काकू करायची. आई केलीच तर शंकरपाळी करायची, तीही एका बाजूनं करपलेली. दिवाळीत तिला हमखास रात्रपाळी यायची, कारण सगळ्या गावाला तेव्हाच मुंबईला बोलायचं असायचं. एका वर्षी दादाचं ते "ही आई" ऐकून ती ड्युटीला जाता जाता थांबली, ब्रश घेतला आणि दळणारीच्या डोळ्यांवर दोन काळे गोल काढले. मधे नाकावर रेघ. "आता झाली," म्हणाली आणि चपला घालून गेली.

गेल्या वर्षी वैशाखात आई गेली. तेराव्याला जेवणं उरकल्यावर ओसरीवर बोलणं सुरू झालं. अन्नपूर्णा होती हो. कधी कुणाला वर मान करून बोलली नाही. सगळं आयुष्य चूल आणि मुलं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. सोलापूरच्या ऑपरेटरला रात्री दोन वाजता फैलावर घेणारी बाई माझ्यासमोर साच्यात दाबली जात होती, आणि मी चांगला मान डोलावत होतो. त्या लोकांचं तरी काय चुकलं म्हणा. चार महिन्यांनी माझीही तीच गत झाली. डोळे मिटले की डोक्यावर पदर घेतलेली कुणीतरी बाई दिसायची. आईनं उभ्या जन्मात डोक्यावर पदर घेतला नाही.

आवाज तर गेलाच. चौतीस वर्षं जिनं आवाजाची नोकरी केली, तिच्या आवाजाची घरात एक टेपसुद्धा नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये ती हात हलवून काहीतरी सांगते आहे, पण वर बँड वाजतो आहे.

खात्रीनं आठवते ती तिची पाठ. शाळेतून येताना मी तिचा डबा द्यायला एक्स्चेंजमध्ये जायचो. आत जायला मनाई, दारातूनच बघायचं. सगळ्या बायका बोर्डाकडे तोंड करून रांगेत बसलेल्या, हातानं दोऱ्या उपसत-खोवत. तोंड एकीचंही दिसायचं नाही. तरी आई कुठली, हे मला कधी शोधावं लागलं नाही. शिपाई डबा नेऊन ठेवायचा. ती मागे न बघता डावा हात वर करायची.

यंदा भाच्यासाठी किल्ला केला. पोतं, विटा, लाल माती, वर हळीव पेरलं. माळ्यावरच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दळणारी सापडली. जात्याचा खुंटा तुटलाय, चष्मा शाबूत आहे. उलटी केली तर पाठ कोरी. चित्रांची मागची बाजू कुंभार रंगवत नसत, किल्ला भिंतीला लागून असतो, मागून कोण बघणार. दिवसभर ती तशीच टेबलावर राहिली. रात्री भाच्याचा ब्रश घेतला आणि तिच्या पाठीवर अंबाडा काढला, डोक्यावरून हेडफोनची काळी पट्टी काढली. बाकी पांढरंच ठेवलं.

झोपडीपाशी नाही, बालेकिल्ल्यावर ठेवली आहे. भिंतीकडे तोंड करून.