हळव्या भातावरची पाखरं

कर्जतहून कोंडाणे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फार्महाउसच्या ओसरीत पिंजरा टांगला होता. आत झेब्रा फिंच. लाल चोच, नराच्या गालावर नारिंगी ठिपका, छातीवर बारीक काळ्या रेघा. मूळ देश ऑस्ट्रेलिया. यजमान कौतुकाने किंमत सांगत होते. नेमक्या त्याच वेळी कुंपणापलीकडच्या बांधावर, दाण्यावर आलेल्या गवताच्या काड्या वारा नसताना हलत होत्या. मग ठिपकेवाल्या मनोल्यांचा थवा भर्रकन उठला, तपकिरी डोकी, पोटावर माशासारखे खवले, आणि दहा हातांवर पुन्हा गवतात बुडाला. ओसरीतल्या कुणी मान वळवली नाही.

आतली आणि बाहेरची, दोन्ही एकाच कुळातली. एस्ट्रिल्डिडी हे त्यांचं कूळ. खऱ्या फिंचांचं घराणं निराळं, फ्रिंजिलिडी. लिनियसने १७५८ साली या मनोलीला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा युरोपातल्या क्रॉसबिलच्या पंगतीला, लॉक्सिया प्रजातीत बसवलं. चोच जाड, आखूड, शंकूच्या आकाराची, मग झाले भाऊबंद! पण दाणा फोडून पोट भरायचं तर चोच तशीच लागते, नातं असो वा नसो. गॅलापागोसचे ते डार्विनचे प्रसिद्ध फिंचसुद्धा आता टॅनेजरांच्या कुळात मोजतात. मनोलीची खरी भावकी आपल्या सुगरणीशी.

आत्याला विचारलं असतं तर तिने दोघींना एकाच वर्गात घातलं असतं: भात खाणारी. तिचं शेत खालापूरकडे. गरवं भात अजून हिरवं असायचं आणि हळवं पिकायला लागायचं, त्यामुळे साऱ्या शिवारातली पाखरं त्या एका तुकड्यावर तुटून पडायची. नवरात्राच्या सुमारास मला माळ्यावर चढवून हातात पत्र्याचा डबा आणि काठी दिली जाई. ‘अरे, दाणा दुधात आहे, डोळा लागू देऊ नकोस,’ एवढी ताकीद. डबा बडवला की थवा उठून शेजारच्यांच्या शेतात बसायचा. तिकडून त्यांचा डबा वाजला की परत आमच्याकडे. दिवसभर हेच. पाखरं ताजीतवानी, दोन्ही घरं दमलेली. बुजगावण्याला आतोबांचा जुना सदरा होता. त्याच्या पसरलेल्या हातावर मनोल्या ओळीने बसायच्या, तेव्हा आत्या म्हणायची, ‘ह्यांनाच कुणी जुमानत नाही, ह्यांच्या सदऱ्याला काय जुमानणार!’ आतोबा ऐकून न ऐकल्यासारखं करत. मी मात्र डबा विसरून बघत राही: लोंबीला पायांनी धरून दाणा काढायचा, चोचीतल्या चोचीत फिरवायचा, टरफल खाली. इतकं निगुतीने खाणाऱ्याला हाकलायचं जिवावर येई. बाभळीतलं त्यांचं घरटं, गवताचा बाजूला दार असलेला गोळा, आत्यानेही कधी पाडू दिलं नाही. हिशेब शेतात, घरट्यात नाही.

माझी आवडती मात्र लाल मनोली. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, नर लालबुंद होतो आणि त्या लालीवर पांढरे ठिपके उमटतात. हंगाम सरला की रंग उतरून मादीसारखा मातकट. त्या रंगापायीच ती पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात गेली, जहाजांतून परदेशी गेली. तिथे सुटलेल्यांचे थवे आज स्पेनमध्येही आहेत. ज्यांना लाली नाही अशा मनोल्यांना बाजारात हिरवा-पिवळा रंग फासून विकायचे, हा तर निव्वळ कोडगेपणा. आता वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या मनोल्या पकडणं, विकणं गुन्हा आहे. परदेशी झेब्रा फिंच मात्र पक्ष्यांच्या दुकानात राजरोस मिळतो.

खरा फिंच बघायचा तर हिवाळ्याची वाट बघावी. गुलाबी चटक तेव्हा सह्याद्रीत उतरतो. त्याची वीण हिमालयात आणि त्याही पलीकडे, थेट युरोपपर्यंत. नराचं डोकं आणि छाती लाल, मादी इतकी साधी की चिमणी म्हणून सोडून द्यावी.

कर्जत-खालापुरात भातखाचरांचे प्लॉट पडले आणि बांधाच्या जागी लॉन आलं. लॉन मला आवडत नाही; दाणा धरण्याआधीच ते कापलं जातं. तुमची तिकडे जागा असेल तर कुंपणालगतची एक पट्टी रानगवताला सोडा. वणव्याची भीती वाटली तर भोवती जाळरेषा काढा, पण संक्रांतीपर्यंत त्या पट्टीत ग्रासकटर फिरवू नका.