कोयना : पाण्याच्या मागं मागं

वीकएंड आला की आपल्या गाड्यांची तोंडं आपोआप लोणावळ्याकडे वळतात. भुशी डॅमवर पाण्यापेक्षा माणसं जास्त, घाटात लांबच लांब ट्रॅफिक आणि येताना तीच ती चिक्की. बास झालं की आता! या वेळी हायवे न सोडता थेट कराड गाठा, तिथं उजवीकडे वळा आणि पाटणमार्गे कोयनानगरला जा. रस्त्याच्या एका बाजूला कोयना नदी सोबतीला असते. डोंगर जवळ येत जातात आणि मोबाइलची रेंज हळूहळू दम तोडते. बॉसचा फोन लागणार नाही, हा या ट्रिपचा पहिला बोनस.

सुरुवात नेहरू उद्यानापासून करा. धरणाच्या भिंतीवर सहज फिरायला जाता येत नाही, पण बागेतून ती छान दिसते. १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून थोडी जास्त लांब. तिच्यामागे शिवसागर जलाशय पार तापोळ्यापर्यंत, पन्नासेक किलोमीटर आत पसरलाय. साठवण तब्बल १०५ टीएमसी. फोटो झकास येतो. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की हे डोंगरातलं नैसर्गिक तळं नव्हे. साठच्या दशकापर्यंत इथं नदीकाठची गावं होती, खाचरं होती, देवळं होती. आता ती सगळी पाण्याखाली आहेत.

कोयनानगरहून साधारण दहा किलोमीटरवर नवजा. ओझर्डे धबधबा याच गावाजवळ. पायऱ्या आहेत, त्यामुळे आई-बाबांना घेऊन गेलात तरी चालेल. नवजात पाऊस किती पडतो माहितीय? वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. पुण्याच्या सहा-सात पट! साहजिकच सगळ्यांना जुलैतच जायचं असतं. माझं ऐकाल तर जाऊ नका. जुलै २०२१ मध्ये याच पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथं डोंगर घसरला आणि झोपेतली घरं गाडली गेली. अशा पावसात तिथल्या माणसांना आपला जीव सांभाळायचा असतो, त्यात सेल्फीवाल्यांची भर कशाला? सप्टेंबरच्या शेवटी जा. धबधबा असतोच आणि गर्दी ओसरलेली असते.

पण खरी मजा पुढे आहे, ती म्हणजे जंगली जयगड! नाव उगाच पडलेलं नाही. नवजापासून घनदाट रानातून वाट जाते. भरदुपारी सावली, पायाखाली पाचोळा, आणि गवा किंवा अस्वल असू शकतं म्हणून सगळे नकळत हळू आवाजात बोलायला लागतात. चढ अंगावर येणारा नाही. आठवडाभर लिफ्ट वापरणाऱ्यालाही जमेल. मात्र हे कोयना अभयारण्य आहे. ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशातही गेलं. तेव्हा वन्यजीव विभागाची परवानगी आणि गावातला वाटाड्या, दोन्ही हवंच. 'आमच्याकडे जीपीएस आहे' हा युक्तिवाद इथं करू नका. पावसाळ्यात तर ही वाट विसराच.

गडावर अवशेष थोडेच उरलेत. शेवटच्या टोकावर पोचलात की जमीन संपते आणि समोर एकदम कोकण! खाली कोळकेवाडीचं पाणी चमकत असतं. आता गंमत बघा. सकाळी नेहरू उद्यानातून बघितलेलं पाणीच पुन्हा तुमच्यासमोर असतं. कोयना मुळात पूर्वेला वाहणारी नदी, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी. धरणानं तिचं बरंचसं पाणी पश्चिमेला वळवलं. नवजाजवळ ते बोगद्यात शिरतं, सह्याद्रीच्या पोटातून जातं, पोफळीत टर्बाइन फिरवतं, मग कोळकेवाडीत थांबतं. जलाशयापासून तिथवर सुमारे ५०० मीटरचा उतार! पुढे आणखी वीज करून हे पाणी वाशिष्ठीला मिळतं. चारही टप्पे मिळून जवळपास १९६० मेगावॉट. आपल्या ऑफिसातल्या एसीला यातलं किती येतं कुणास ठाऊक, पण राज्याच्या ग्रिडमध्ये ते जातंच.

आणि ज्यांची जमीन गेली ते? काही सोलापूरकडे गेले, काही रायगड-ठाण्याकडे, काही इथेच डोंगरात वर सरकले. पर्यायी जमिनीच्या हिशोबासाठी २०१८ मध्येही कोयनानगरला प्रकल्पग्रस्त उघड्यावर ठिय्या देऊन बसले होते, धरण पुरं होऊन पन्नासहून जास्त वर्षं लोटल्यावर! त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर जवळपास जमीनदोस्त झालं होतं. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभरातले शास्त्रज्ञ आजही कोयनेचंच नाव घेतात. छोटे धक्के अधूनमधून बसतात. गावातल्या मावशींना विचाराल तर त्या भांडी वाजल्याचं सांगतील, तेही भाकरी थापता थापता.

मुक्काम वाढवलात तर हेळवाकची रामघळ बघा. समर्थ रामदासांचं वास्तव्य इथं होतं अशी परंपरा सांगते. घळीची भव्यता बघून ते पटतंही. वासोटा मात्र या बाजूनं नको. तो जलाशयाच्या दुसऱ्या अंगाला, बामणोलीहून लाँचनं जायचा; त्याला वेगळा वीकएंड द्या.

पुण्याहून कराड आणि तिथून साधारण ६० किलोमीटरवर कोयनानगर. मुंबईकरांनी कोकण रेल्वेनं चिपळूणला उतरावं आणि कुंभार्ली घाटानं वर यावं. दोन्हीकडून एसटी आहे. परवानगीचं आधी विचारून ठेवा, शुक्रवारी रात्री निघा, शनिवारी सकाळी लवकर नवजा गाठा. जेवणाचं जाताना एखाद्या घरी सांगून जा. परत येईपर्यंत नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा तयार असतो. पैसे विचारून द्या, आणि बरोबर नेलेली चिप्सची पाकिटं रिकामी झाली तरी सॅकमध्येच परत आणा.