मडगावचा पिवळा रविवार

मडगाव स्टेशनवर उतरणारा प्रवासी सहसा समुद्राची वाट विचारतो. कोलवा किती लांब, बाणावलीला बस मिळेल का, पायलट किती घेईल, हे इथले नेहमीचे प्रश्न. पण 20 मार्च 2022 च्या रविवारसाठी केरळहून पिवळ्या सदऱ्यांची जी गर्दी आली, तिला समुद्राशी काही कर्तव्य नव्हते. समुद्र त्यांच्या घराशेजारीही होता. त्यांना जायचे होते फातोर्ड्याला. संध्याकाळी साडेसातला तिथल्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता. केरळ ब्लास्टर्स विरुद्ध हैदराबाद.

एका सामन्यासाठी एवढी धावाधाव कशाला, असे वाटेल. पण केरळच्या फुटबॉलवेड्याने दोन वर्षे आपला संघ डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. करोनामुळे लीगचे लागोपाठ दोन हंगाम गोव्यातच झाले. फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान आणि बांबोळी या तीन मैदानांवर, तेही रिकाम्या खुर्च्यांसमोर. अंतिम सामन्याला मात्र दारे उघडली. कोचीचे कलूर भागातले मैदानही नेहरूंच्याच नावाचे, पण फातोर्ड्यापेक्षा बरेच मोठे. फातोर्ड्यात वीस हजारही माणसे मावत नाहीत. तिकिटे हां हां म्हणता संपली. ज्यांना मिळाली नाहीत, त्यांतलेही कितीतरी निघालेच.

या संघाचे नावही मराठी माणसाला परके वाटू नये. 2014 मध्ये संघ स्थापन झाला तेव्हा सचिन तेंडुलकर त्याचा एक मालक होता. ‘मास्टर ब्लास्टर’ या त्याच्या बिरुदावरूनच ‘ब्लास्टर्स’ आले. 2018 मध्ये सचिनने आपला हिस्सा सोडला, नाव राहिले. त्याच 2014 मध्ये नव्या मुंबईत पहिलाच अंतिम सामना झाला आणि कोलकात्याच्या महंमद रफीकने अगदी शेवटच्या क्षणी डोक्याने गोल करून केरळला हरवले. 2016 मध्ये कोचीत, घरच्या अंगणात, पुन्हा कोलकात्याकडूनच पेनल्टीवर हार. फातोर्ड्याची ही तिसरी खेप होती.

रात्रभराची वाट

केरळहून गोव्याला येणारी रेल्वेची वाट फार देखणी आहे. कोझिकोड, कण्णूर, कासरगोड करत गाडी मंगळूरच्या परिसरात येते आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते. उडुपी, भटकळ, गोकर्ण, कारवार. काळी नदीचा पूल ओलांडला की बोगद्यांची माळ, मग काणकोण आणि मडगाव. मार्चमध्ये काजू पिकू लागलेला असतो. डोंगरातून गाडी गेली की त्याचा आंबूस वास डब्यात शिरतो. घोषणा देऊन घसा बसलेल्या पोरांचे त्याकडे लक्ष गेले असेल की नाही, कोण जाणे.

सगळे रेल्वेनेच आले नाहीत. कुणी बस केली, कुणी मोटारी काढल्या. मलप्पुरम जिल्ह्यातले दोन तरुण मोटारसायकलवरून निघाले होते. कासरगोड जिल्ह्यात, केरळची हद्द ओलांडायच्या आतच, त्यांना अपघात झाला. दोघेही गेले. ती बातमी मोबाइलवरून मडगावात पोहोचली तेव्हा ढोल वाजत होते. ओळख ना देख, पण पिवळा सदरा एकच. असे काही कानांवर आल्यावर ढोल थांबवायचा की आणखी जोरात वाजवायचा, हे कुणी कुणाला सांगावे?

मलप्पुरमचे नाव इथे यावे हेही साहजिकच. मलबारचा हा भाग म्हणजे केरळच्या फुटबॉलचे माहेर. कापणी झाली की भातखाचरांत गोल उभे राहतात आणि सात-सात खेळाडूंचे सामने सुरू होतात. ‘सेव्हन्स’ म्हणतात त्यांना. बांबूंच्या तात्पुरत्या गॅलऱ्यांवर आजोबा आणि नातू शेजारी बसून सामना पाहतात. तिथल्या माणसाला संघ हरला का, असे विचारायचे नसते. कसा हरला, ते विचारायचे.

आपलेच वाटणारे परके गाव

मडगावात मल्याळी माणसाला परके वाटावे असे फारसे काही नाही. तोच दमट उकाडा, त्याच माडांच्या रांगा, पानात तसाच लालसर उकडा भात आणि वर नारळाची माशांची कढी. फरक आंबटाचा. तिकडे कुडमपुळी, इथे आमसूल. होळी पौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते, शिगम्याचे दिवस होते. कदंब बसस्थानकाच्या भागात सकाळी पातळ भाजी, पाव, बन्स आणि चहा खाऊनपिऊन हे पाहुणे दिवसभर स्टेडियमभोवती घोटाळत राहिले. हैदराबादचे पाठीराखे त्यांच्यापुढे मूठभरच. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी चाहत्यांना पिवळे होऊन या, असे आवर्जून सांगितले होते. त्यामागे कारण होते. हैदराबादचा रंगही पिवळाच, आणि गुणतक्त्यात तो संघ वरचा. म्हणून पिवळा मान त्याला मिळाला. केरळला काळ्या सदऱ्यात उतरावे लागले. गॅलरी पिवळी, पण मैदानावरचे पिवळे शत्रूचे!

पूर्वार्धात अल्वारो वाझकेझचा फटका आडव्या खांबावर आदळला. चाहता असा फटका वर्षानुवर्षे विसरत नाही. 68 व्या मिनिटाला त्रिशूरच्या के. पी. राहुलने गोल केला आणि फातोर्डा म्हणजे कोचीच झाले. आता वीस-बावीस मिनिटे काढायची होती. इथे संघाने जरा पाय मागे घेतला, हे कट्टर चाहताही कबूल करील. राखायला गेले की हातचे जाते, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते. पण मैदानावर पाय जड होतात. 88 व्या मिनिटाला बदली आलेल्या साहिल ताव्होराने लांबून, चेंडू जमिनीवर पडू न देता असा टोलावला की गोलरक्षकाला काही करताच आले नाही. 1-1. हा ताव्होरा गोव्याचा.

अर्ध्या तासाच्या जादा वेळेत काहीच झाले नाही आणि पेनल्टी आल्या. हैदराबादच्या गोलात होता लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचाच. याच मैदानावर 2015 चा अंतिम सामना तो गोव्याकडून खेळला होता. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा 2-1 ने पुढे, आणि तिथे कट्टीमणीच्याच हातून चेंडू आपल्या जाळ्यात गेला. पाठोपाठ चेन्नईने आणखी एक गोल करून चषक नेला. ज्या गावाने तो दिवस पाहिला, त्याच गावासमोर सहा वर्षांनी त्याने लेस्कोविचची पेनल्टी अडवली. निशू कुमारची अडवली. पंचांनी ती पुन्हा घ्यायला लावली, तीही अडवली. मग जिक्सन सिंगची. केरळचा एकच फटका आत गेला आणि हैदराबाद 3-1 ने जिंकले.

म्हणजे झाले असे, की केरळने मडगाव पिवळे करून टाकले, आणि गोव्याच्या मातीतल्या दोघांनी चषक हैदराबादला देऊन टाकला. घरचे कोण आणि परके कोण, याचा हिशेब करीत ती गर्दी काळोखात स्टेडियमबाहेर पडली. कुणी रडत होते, कुणी वाझकेझच्या त्या आडव्या खांबावरून वाद घालत होते. ढोल काखोटीला मारलेले.

केरळच्या जुन्या जाणत्यांना तर हे मैदान आधीच सलत होते. फातोर्ड्याचे स्टेडियम नवेकोरे असताना, 1990 मध्ये, संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात गोव्याने केरळला मडगावातच 2-0 ने हरवले होते. पुढच्या वर्षी पालक्काडला, केरळच्याच भूमीवर, हरवणारा संघ होता महाराष्ट्र. नंतर केरळने तो करंडक पुन्हा मिळवलाही, पण हरलेले सामने तिकडे जास्त तपशिलाने सांगितले जातात.

परतीच्या वाटेवर तीच स्टेशने उलटी येतात. काणकोण, कारवार, भटकळ, उडुपी. कासरगोड आले की डब्यातले बोलणे आपोआप कमी होते.

त्यानंतर 43 दिवसांनी, 2 मे 2022 रोजी, संतोष करंडकाचा अंतिम सामना मलप्पुरम जिल्ह्यातच, मंजेरीजवळच्या पय्यनाड स्टेडियमवर झाला. केरळ विरुद्ध बंगाल. रमजान संपत आला होता. स्टेडियम खच्चून भरले होते. जादा वेळेत बंगालने गोल केला, शेवटची काही मिनिटे उरली असताना केरळने तो फेडला. पुन्हा 1-1 आणि पुन्हा पेनल्टी. या वेळी केरळ 5-4 ने जिंकले. त्यांचा हा सातवा संतोष करंडक. सामना संपला तेव्हा रात्र बरीच झाली होती, आणि सकाळी ईद होती.