कोणता बोर्ड, हे विचारतच नाही

काम सांगायला सोपं होतं: एकच एसडी कार्ड असं बनवायचं, की ते २०११च्या पांढऱ्या बीगलबोनवरही चालेल आणि २०१३च्या बीगलबोन ब्लॅकवरही. मी यू-बूट या बूटलोडरचा सोर्स उघडला आणि बोर्ड निवडायची जागा शोधायला लागलो. सगळे मेनू पालथे घातले, पण ती सापडेना. दोघांनाही कॉन्फिग एकच, आणि तिला नाव टीआयच्या तिसऱ्याच बोर्डाचं. पांढऱ्यावर २५६ एमबी डीडीआर२, ब्लॅकवर ५१२ एमबी डीडीआर३. रॅमच वेगळी, मग एक बायनरी दोन्हीकडे चालते कशी?

सरांना विचारलं. "अरे, तो बोर्डालाच विचारतो. आयटूसीवर बघ की," म्हणाले आणि चहाला निघून गेले.

सिरियल केबल लावली, ऑटोबूट थांबवला आणि आयटूसी बस शून्यवर, हेक्स ५० या पत्त्यावरच्या ईईप्रॉमचे पहिले बाइट वाचले. एए, ५५, ३३, ईई ही ओळखीची खूण. पुढे ४१, ३३, ३३, ३५... उजव्या रकान्यात त्यांचीच अक्षरं उमटली होती: ए३३५बीएनएलटी, आणि लगेच ००सी०. ब्लॅक, रिव्हिजन सी! पांढऱ्यावर त्याच जागी ए३३५बीओएनई. बोर्डाची कुंडली बोर्डावरच होती.

मग क्रम उलगडत गेला. पहिला टप्पा, एसपीएल, चिपच्या पोटातल्या १२८ केबी मेमरीतच चालतो, कारण बाहेरची रॅम अजून जागी झालेली नसते. तिथूनच तो ईईप्रॉम वाचतो आणि नाव पाहून रॅमची टायमिंग्ज निवडतो. पुढे पूर्ण यू-बूट तेच नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि एक छोटी स्क्रिप्ट त्यावरून कर्नलला द्यायची डिव्हाइस ट्री फाइल ठरवते.

रिव्हिजनच्या आकड्याची मला उगाच धास्ती होती. रिव्हिजन सीमध्ये ईएमएमसी २ जीबीची ४ जीबी झाली. पण क्षमता किती, हे ती चिप स्वतःच सांगते. त्यासाठी बूटलोडरमध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. बोर्डावर छापलेलं अक्षर बदललं म्हणून कॉन्फिगच्या नव्या प्रती काढत बसणारे लोक मी नंतर पाहिले. मला ते निव्वळ हमालीचं काम वाटतं.

ब्लॅकवर एक गोष्ट मात्र छळते. ईएमएमसीतला जुना यू-बूट आधी उठतो आणि कार्डावरचा बिचारा तसाच राहतो. एस२ बटण वीज देतानाच दाबून धरायचं. नुसत्या रीसेटने भागत नाही, कारण कुठून बूट व्हायचं हे ठरवणाऱ्या पिना वीज येतानाच वाचल्या जातात.

शेवटी हातात आला एक स्वस्तातला क्लोन. ईईप्रॉम कोरी, सगळीकडे एफएफ. एसपीएलने बोर्ड अनोळखी असल्याची एक ओळ छापली आणि तिथेच ठाण मांडलं. त्याच्यापुरती वेगळी बायनरी केली: नाव कोरं दिसलं तर ब्लॅक समज. ती एकदा बूट झाल्यावर राइट-प्रोटेक्टचा टेस्ट पॉइंट ग्राउंडला टेकवून धरला आणि प्रॉम्प्टवरूनच खूण, नाव नि रिव्हिजन एकेक बाइट करून लिहिलं. मग ती बायनरी पुसून टाकली आणि सगळ्यांचं कार्ड त्या क्लोनमध्येही घातलं.