विशाखापट्टणम : एक दिवस, दोन पाणबुड्या

आमच्या शाळेत सहलीचे वेळापत्रक फलकावर लागते तेव्हा ते ड्रिल स्पर्धेच्या वेळापत्रकासारखेच दिसते. विशाखापट्टणमचेही तसेच होते. 0430 उठणे, 0515 बस, 0700 सिंहाचलम, 1000 कैलासगिरी आणि शेवटी 2130 हजेरी. मधे कुठेतरी 'समुद्र पाहणे' यासाठी वीस मिनिटे राखून ठेवली होती. मी रायगड जिल्ह्यातल्या थळचा. वीस मिनिटांत समुद्र पाहून होतो हे मला नवीन होते, पण वेळापत्रकाशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही.

तरी पहिला धक्का पहाटेच बसला. बस बीच रोडवरून निघाली आणि समुद्रातून सूर्य वर आला. आमच्याकडे तो समुद्रात बुडतो. माझ्या शेजारी बसलेला ओडिशाचा कॅडेट म्हणाला, "यात नवल काय? सूर्य समुद्रातूनच उगवतो." त्याने कधी मावळताना पाहिला नव्हता. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो.

सिंहाचलमच्या टेकडीवर वराह नरसिंहाचे देऊळ आहे. तिथल्या मूर्तीवर वर्षभर चंदनाचा लेप असतो, त्यामुळे ती शिवलिंगासारखी दिसते. मूळ रूप फक्त अक्षय्य तृतीयेला पाहायला मिळते. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय इथे आला होता, त्याचे शिलालेखही देवळात आहेत. रांग मोठी होती, पण रांगेत उभे राहण्यात आम्ही तरबेज. खाली उतरताना याच डोंगरावर पिकणारे अननस विकायला बसलेल्या बायका दिसल्या. मीठ-तिखट लावलेल्या फोडी खाताना सरांनी दोनदा घड्याळ पाहिले.

कैलासगिरीवर रोपवेने गेलो. वर शंकर-पार्वतीची मोठी पांढरी मूर्ती आहे आणि टेकडीला वळसा घालणारी छोटी आगगाडी. खरी मजा मात्र कठड्यापाशी आहे. तिथून अख्खा किनारा दिसतो. दक्षिणेला डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर थेट समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या आडोशाला बंदर आहे आणि नौदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालयही याच शहरात. नकाशावर बंदराची जागा का निवडली असेल हे शोधायला भूगोलाचे सर नेहमी सांगतात. इथे ते न सांगता कळते. उघड्या किनाऱ्यावर असा एक डोंगर पुढे आला की त्यामागे जहाजे निवांत उभी राहतात. जेवणाचे आणि खरेदीचे मी लिहीत नाही. भात, सांबार, गोंगुऱ्याची चटणी आणि घाई, एवढेच आठवते.

दुपारी आर. के. बीचवर आलो आणि वाळूवर उभी असलेली पाणबुडी समोर दिसली. आयएनएस कुरसुरा. 91 मीटर लांब, काळी. पाणबुडी पूर्ण दिसते तेव्हा ती चुकीच्या जागी आली आहे असेच वाटते. ती रशियन बनावटीची. 18 डिसेंबर 1969 रोजी नौदलात दाखल झाली, 1971 च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती, 2001 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी तिला इथे ओढून आणून संग्रहालय केले. तिच्याबरोबरच्या चार पाणबुड्यांत एक खांदेरी होती. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर जो खांदेरी किल्ला दिसतो, त्याच नावाची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे बाबा नौदलात होते आणि याच वर्गातल्या दुसऱ्या एका पाणबुडीवर त्यांनी इंजिन रूममध्ये काही वर्षे काढली. घरी ते त्याबद्दल काहीच बोलत नाहीत. विचारले तर म्हणतात, "काम होतं, केलं." त्यांच्या काही सवयी मात्र आम्हाला चमत्कारिक वाटायच्या. ते दोन तांब्यांत आंघोळ उरकतात. दरवाजा उंच असला तरी मान खाली घालून आत येतात. झोपेत कूस बदलत नाहीत. आई हसते, आजी म्हणते, लहानपणी असा नव्हता.

पाणबुडी दाखवायला नौदलातून निवृत्त झालेलेच लोक असतात. आमचे गाइड तेलुगू ढंगाच्या हिंदीत बोलत होते. पुढच्या टॉर्पेडो रूममधून आत शिरलो. पुढे सहा नळ्या, मागे चार, एकूण 22 टॉर्पेडो. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक असते. आधी एक पाय, मग मान, मग बाकीचा माणूस. आत सुमारे 75 जण राहायचे. टॉर्पेडोंच्या बाजूलाच झोपायच्या फळ्या. गोडे पाणी इतके मोजके की आंघोळीचा प्रश्नच नसे. इंजिन रूममध्ये दोन बाजूंना इंजिने आणि मधे एक बोळ, माझ्या खांद्यांएवढाच. गाइड म्हणाले, इंजिने चालू असताना इथे बोललेले ऐकू येत नसे, सगळे हातवाऱ्यांनी चालायचे. मग त्यांनी एका फळीकडे बोट दाखवले. "एक माणूस ड्यूटीवर गेला की दुसरा त्याच गरम जागेवर झोपायचा. कूस बदलली तर डोके पाइपवर."

माझ्यामागचे कॅडेट "चल, चल" म्हणत होते. मी त्या फळीवर हात ठेवला. लोखंड गार होते. बाबांना मी बारा-तेरा वर्षे ओळखतो असे समजत होतो. त्यांचे ते दोन तांबे, ती खाली घातलेली मान, ते गप्प राहणे, सगळे या बोळात बसत होते, एकही गोष्ट बाहेर उरत नव्हती.

रस्त्याच्या पलीकडेच टीयू-142 विमान ठेवले आहे. गंमत म्हणजे हे विमान पाणबुड्या शोधून मारण्यासाठीच बनवलेले. चार इंजिने आणि प्रत्येकावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे. 1988 ते 2017 अशी 29 वर्षे एकही अपघात न होता त्यांनी सेवा केली. शिकारी आणि शिकार असे रस्त्याच्या दोन बाजूंना निवृत्त होऊन बसले आहेत. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना विमानच आवडले. मला ते नीट पाहताच आले नाही.

जवळच 'व्हिक्टरी ॲट सी' हे स्मारक आहे, 1971 च्या विजयाचे. याच किनाऱ्यासमोर डिसेंबरच्या 3 आणि 4 तारखेच्या मधल्या रात्री पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बुडाली. ती आपली विमानवाहू नौका विक्रांत शोधत आली होती. विक्रांत इथे आहे असा भास नौदलाने निर्माण केला होता, प्रत्यक्षात ती अंदमानकडे होती. आयएनएस राजपूतने टाकलेल्या स्फोटकांनी गाझी बुडाली असे आपण म्हणतो, पाकिस्तान म्हणतो आतल्याच स्फोटाने. बुडाली ती नव्वदहून अधिक माणसांसह, आणि अजून तळाशी आहे. सरांनी सगळ्यांना सावधान करून सॅल्यूट करायला लावला. मी तो मनापासून केला. पण तासाभरापूर्वीच ती फळी पाहिली होती, त्यामुळे गाझीमध्येही तशाच फळ्या असतील हे डोक्यातून जाईना. गाझी आली होती ती आपली जहाजे बुडवायला, ती बुडाली हे बरेच झाले, यात मला शंका नाही. तरीही समुद्राकडे बघताना नेहमीसारखे वाटले नाही. मी हे ओडिशाच्या त्या मित्राला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "त्यांच्याही घरी कोणी वाट बघत असेल ना." एवढेच.

समुद्राची वीस मिनिटे आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाकीचे पुनुगुलू आणि मुरी मिक्स्चरच्या गाड्यांकडे पळाले. पुनुगुलू म्हणजे डोशाच्या पिठाची छोटी भजी, चटणीत बुडवून खायची. मी दोन प्लेट खाल्ल्या, भूक काही विचार करत बसत नाही.

रात्री हजेरीनंतर फोनसाठी प्रत्येकाला पाच मिनिटे मिळाली. आई आधी बोलली, जेवलास का वगैरे. मग बाबांना फोन द्यायला सांगितला.

"बाबा, कुरसुराच्या आत जाऊन आलो. इंजिन रूम पाहिली."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटले लाइन गेली.

"डिझेलचा वास येतो का अजून?" त्यांनी विचारले.

"थोडासा येतो. रंगाचा जास्त येतो."

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "सुट्टीत ये. सांगतो तुला."

माझी पाच मिनिटे संपायला अजून तीन बाकी होती. आम्ही ती दोघांनीही धरून ठेवली.