दादाच्या लॅपटॉपला फ्लॅश मारला त्याची गोष्ट

परवा ऑफिसातल्या एका ज्युनिअरने विचारलं, "लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं बायॉस बदललं की स्पीड वाढतो म्हणे. करू का या वीकेंडला?" पोरगं हुशार आहे, हात शिवशिवतायत. मी नको म्हणालो. का नको ते सांगायला लागलो तर चहा गार झाला आणि स्टँडअपची वेळ झाली. म्हटलं शनिवार आहेच, लिहूनच टाकू.

तर झालं असं. राहुरीला माझा चुलतभाऊ लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, म्हणून दादा. दुकान छोटं, वर पत्रा, कोपऱ्यात टेबलफॅन. २०१९ मध्ये त्याने पुण्यातून एक सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप घेतला. मीच बघून दिला होता. त्यात एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७०एम. कार्ड २०१४ चं, पण एडिटिंगला तेव्हा झकास चालायचं.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी नगरला घरी आलो होतो (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं), तिथून राहुरीला चक्कर मारली. दादा म्हणाला, "रेंडरला लय वेळ लागतोय रे. तू इंजिनिअर ना, बघ की काही होतंय का."

तू इंजिनिअर ना! हे वाक्य ऐकलं की आमच्या जमातीचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडा. ग्राफिक्स कार्डाचं स्वतःचं एक बायॉस असतं. बहुतेक वेळा ते आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये असतं, काही लॅपटॉपमध्ये मुख्य बायॉसच्याच पोटात. फाईल एखाद्या व्हॉट्सॲप फोटोएवढी, पण तिच्यात सगळं असतं: क्लॉक किती, व्होल्टेज किती, जास्तीत जास्त किती वॅट ओढायचे, किती तापल्यावर वेग कमी करायचा, मेमरीचं टायमिंग काय. लॅपटॉपवाल्या मॅक्सवेल कार्डांवर क्लॉक वाढवायला १३५ मेगाहर्ट्झची मर्यादा घातलेली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये तर एनव्हिडियाने ड्रायव्हरमधून लॅपटॉपचं ओव्हरक्लॉकिंगच बंद करून टाकलं होतं. लोक चिडले, मग कंपनीने ते परत चालू केलं. या मर्यादा काढून टाकलेल्या फाइली नेटवर मिळतात. पास्कल पिढीपासून, म्हणजे २०१६ पासून, कंपनीची डिजिटल सही नसलेली फाईल कार्ड सहजासहजी घेत नाही. ९७०एम मात्र त्या आधीचं. म्हणजे दार उघडंच होतं.

मी काळजी घेतली नाही असं नाही हं. मूळ बायॉस एनव्हीफ्लॅशने वाचून पेनड्राईव्हवर ठेवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड डिसेबल केलं. चार्जर लावला, बॅटरी भरलेली. लाईट गेली तरी हरकत नाही, अशी तयारी. मला भीती होती ती एकच, लॅपटॉप 'ब्रिक' होण्याची. १९९९ च्या २६ एप्रिलला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरात कॉम्प्युटरचं बायॉस पुसलं होतं, मशीन चालूच होईनात. तसलं काही होऊ नये, एवढंच डोक्यात.

टूल म्हणालं, फाईलचा सबसिस्टिम आयडी जुळत नाही. म्हणजे ही फाईल दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपची होती. चिप तीच, पण भोवतालचं सर्किट वेगळं, हीटसिंक वेगळं, पंखे वेगळे. मी मायनस सहा लावून पुढे ढकललं. काही सेकंदांत काम झालं. रीस्टार्ट. स्क्रीन आली! मी खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी होतो.

क्लॉक साधारण पंधरा टक्क्यांनी वाढवला, व्होल्टेज सहा टक्क्यांनी. दादाने एक साखरपुडा रेंडर करून बघितला, वेळ खरंच कमी लागला. "काय केलंस रे?" "काही नाही, सॉफ्टवेअर अपडेट केलं." वहिनीने त्या दिवशी माझ्यासाठी मुद्दाम मांडे केले.

हिशोब मी त्या रात्री करायला हवा होता. तो मला मे महिन्यात सुचला. चिप किती वीज खाते ते क्लॉकच्या पटीत वाढतं आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.०६ चा वर्ग १.१२, गुणिले १.१५, म्हणजे जवळपास २९ टक्के जास्त. ही सगळी उष्णता त्याच तांब्याच्या पट्टीतून बाहेर पडायची, आणि तीच पट्टी ४७ वॅटच्या आय७ लाही थंड ठेवते. शिवाय त्या फाईलमध्ये तापमानाची मर्यादाही वर सरकवलेली होती, ती मी वाचलीच नव्हती. फेब्रुवारीत राहुरीची हवा छान असते, टेस्ट पास झाली. पत्र्याखालचा मे महिना टेस्टमध्ये नव्हता.

मे म्हणजे लगीनसराई. दादाकडे आठवड्याला तीन-तीन लग्नं. लॅपटॉप दिवसरात्र चालू. एका गुरुवारी रात्री त्याचा फोन, "व्हिडिओवर हिरवे-जांभळे ठिपके यायला लागलेत. एक्स्पोर्ट मारला की बंद पडतोय. तू काय अपडेट केलं होतं ते परत करतो का?"

शुक्रवारी सुट्टी टाकून निघालो. वाकडेवाडीहून एसटी, तारकपूरला उतरलो, तर दादा लॅपटॉप घेऊन मोटरसायकलवर नगरलाच आला होता. मनमाड रोडच्या खड्ड्यांतून. एका रिपेअरवाल्याकडे गेलो. माझ्याच वयाचा माणूस, शांत. मी फार मोठ्या आवाजात व्हीबायॉस वगैरे सांगायला लागलो. त्याने फक्त विचारलं, "ओरिजिनल फाईल आहे का?" मी पेनड्राईव्ह दिला.

त्याने क्लिप लावून चिप आधी वाचली. मग क्लिप काढून परत लावली आणि परत वाचली. दोन्ही फाइली सारख्या आल्या तेव्हाच पुढे गेला. (मी फेब्रुवारीत एकदाच वाचली होती.) सीएच३४१ए नावाचा हा प्रोग्रामर स्वस्तात मिळतो, पण त्याच्या काही बोर्डांवर डेटाच्या तारांवर पाच व्होल्ट येतात, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपांतली चिप १.८ व्होल्टची असते. मध्ये ॲडॉप्टर न लावता जोडलं की चिप गेली. हे त्याने सांगितलं, मी मान डोलावली. मला माहीत नव्हतं.

मूळ बायॉस परत गेलं. ठिपके तसेच.

"बायॉस ओरिजिनल आहे आता साहेब. पण आत मेमरी नाहीतर चिप गेलीय. लय तापलंय हे." रीबॉलिंग करून बघू शकतो, पण तीन महिने टिकेल नाहीतर तीन दिवस, गॅरंटी नाही, असं तो म्हणाला. नव्या बोर्डाचा भाव ऐकून आम्ही दोघं गप्प.

दादा त्याला विचारत होता, "सेकंडहँड होता, म्हणून असेल का?" रिपेअरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने चिप वाचली होती, त्याला कळलं होतं. तो काहीच बोलला नाही.

बाहेर रसवंतीवर बसलो तेव्हा मी सांगितलं. अपडेट नव्हतं, मर्यादा काढल्या होत्या, फाईल दुसऱ्याच लॅपटॉपची होती, आणि हे जळू शकतं हे मला वाचून माहीत होतं. दादा बराच वेळ ग्लासातला बर्फ हलवत बसला.

"मग तवाच सांगायचं ना. मी म्हणलो असतो नको. मला काय घाई नव्हती तेवढी."

यावर काय बोलणार? त्याचं मशीन, त्याचं पोट त्यावर, आणि निर्णय मी घेतला. परस्पर.

रविवारी एका पार्टीला व्हिडिओ द्यायचा होता. नवरीच्या वडिलांचा फोन आलाच, "आमची कॅसेट झाली का?" (तिकडे अजून कॅसेटच म्हणतात.) नशिबाने या लॅपटॉपची स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सवर चालते, त्यामुळे मेलेलं कार्ड डिसेबल करून मशीन चालू राहिलं. एक्स्पोर्ट नुसत्या आय७ वर टाकला. शनिवारची रात्र दुकानातच काढली. मी टेबलफॅन लॅपटॉपकडे तोंड करून धरला, दादा जमिनीवर झोपला. चार वाजता ६१ टक्के. सकाळी साडेनऊला झाला.

दिवाळीला दादाने डेस्कटॉप घेतला, अर्धे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता, वहिनीने घेतले. त्यावर माझ्या नावाचं एक अकाउंट आहे, दादाने स्वतः बनवलेलं. ॲडमिनचे हक्क दिलेले नाहीत. मागच्या गणपतीत वायफायचा प्रिंटर जोडायला बसलो तर पासवर्ड मागितला. दादा उठून आला, मला तोंड फिरवायला सांगितलं आणि टाईप केला :)