कोपऱ्यातली खोली

वरळीच्या बी.डी.डी. चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत आणि तिथे चाळीस मजल्यांचे टॉवर उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात किल्ल्या पडल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, आणि संडास घरात! माझी आई आज असती तर तिने हॉल-किचन नंतर पाहिले असते, आधी संडासाची कडी आतून लावून पाहिली असती.

हे आधीच सांगते. कारण चाळी पडू लागल्यापासून वर्तमानपत्रांतून ‘चाळ-संस्कृती’चे गोडवे गाणारे लेख येत आहेत. गॅलरीतल्या गप्पा, वाटीभर साखर, गणपती. ते लिहिणाऱ्यांनी मजल्यावरच्या सामायिक संडासासमोर पहाटे चार वाजता डबा घेऊन उभे राहून पाहिलेले दिसत नाही. आमच्या बायका पुरुष उठायच्या आत सगळे उरकून घ्यायच्या. बाळंतीण असो की तापाने फणफणलेली पोर, रांग कुणाला चुकली नाही. सगळे गेले ते बरेच झाले असे मी म्हणत नाही. पण रडायचे कशासाठी आणि हसायचे कशासाठी, हे आपले आपण ठरवलेले बरे.

बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० साली हे खाते निघाले. गिरण्यांना कामगार हवे होते आणि कामगारांना डोके टेकायला जागा नव्हती. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि ५०,००० खोल्या बांधायचा बेत केला. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७. सुरुवातीला भाडे गिरणी कामगाराला परवडेना, म्हणून पुष्कळ खोल्या रिकाम्याच पडून होत्या. १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रहींना कोंडायला जागा कमी पडली तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. त्यासाठी इमारतीत फारसा फरक करावा लागला नसेल!

बांधणीच तशी. तळमजला आणि वर तीन मजले, सगळे सिमेंट-काँक्रीटचे. मजल्याच्या मधून आरपार लांब पॅसेज, त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दहा-दहा खोल्या. एका चाळीत ८० बिऱ्हाडे. मधल्या दारांसमोर भर दुपारी दिवा लावावा लागे. उजेड आणि वारा यायचा तो पॅसेजच्या टोकाकडून. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. चाळीत आमचे नावच ‘कोपऱ्यावरचे’ असे पडले होते.

आजोबा रत्नागिरीकडून आले ते गिरणीच्या रिंगखात्यात लागले. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून आपल्या माणसाला तिथे मज्जाव. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. पगार कमी म्हणून खोलीत गाववाले ठेवायचे. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला पडायचा. आजीने एकाच स्टोव्हवर सात-आठ माणसांची जेवणे काढली. घरात पोरांनी अभ्यास करायचा कुठे? पॅसेजच्या टोकाला, आमच्या दारात. तिथे उजेड होता. पुढे मंडळाने तिथे बल्ब लावला, कुणी जुने बाक आणले, कुणी भिंतीत फळी ठोकून पुस्तके मांडली. मजल्यावरची सगळी पोरे रात्री तिथे जमायची. आई मोठ्याने बोलणाऱ्याला दम द्यायची आणि परीक्षेच्या दिवसांत बारा वाजता काळा चहा द्यायची. तिला स्वतःला सहीपुरतेच येत होते.

याच चाळींनी दुसरेही पाहिले. ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल उसळली आणि पुढे बरेच दिवस धुमसत राहिली. शेजारशेजारच्या चाळींच्या गच्च्यांवरून दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या जात होत्या. १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून पाटा टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाले. इमारती सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या, तरी कुठल्या चाळीत कोण राहतो हे ज्याला त्याला पाठ होते. ‘चाळीत सगळे एक’ म्हणणाऱ्यांनी हेही लिहावे.

अंधारात उजेडाचा कोपरा शोधायची ही रीत आपल्याला कुणी घालून दिली, ते वेगळे सांगायला नको. परळच्या पोयबावडीला बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. ती चाळही अशीच सरकारी गरजेतून निघाली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने बांधलेली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन बाबासाहेब परतले ते त्याच जिन्याने वर. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद हे सारे याच काळातले. राजगृह नंतरचे. माता रमाईच्या संसाराची बहुतेक वर्षे त्या चाळीतच गेली.

आता आमची चाळ पाडली गेली. आमचा नंबर अजून लागायचा आहे, सध्या भाड्याच्या घरात आहोत. नव्या इमारतीच्या नकाशात लिफ्ट आहे, गाड्या ठेवायची जागा आहे. पॅसेजचे टोक नाही. पोरे आपापल्या घरात अभ्यास करतील, ते चांगलेच. पण दर ५ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून चैत्यभूमीला येणारी माणसे आमच्या पॅसेजमध्ये झोपायची. आई भाताचे पातेले चढवायची, बिऱ्हाडागणिक चार भाकऱ्या गोळा व्हायच्या. उद्या गेटवरचा वॉचमन परभणीच्या म्हातारीला विचारील, ‘कुणाकडे जायचे?’ तिने काय सांगायचे? ती कधीच कुणा एकाकडे आली नव्हती.

म्हणून आमच्या महिला मंडळाने एक मागणी लिहून ठेवली आहे. सोसायटी स्थापन होताच पहिल्या सभेत दोन ठराव मांडायचे. एक, सोसायटीच्या सामायिक जागेतली एक खोली वाचनालयासाठी ठेवावी; फळीवरची पुस्तके तीन ट्रंकांत भरून माझ्याकडे आहेत. दोन, ५ आणि ६ डिसेंबरला तळमजल्याची मोकळी जागा बाहेरगावच्या अनुयायांसाठी खुली ठेवावी, स्वयंपाक आणि सफाई आम्ही करू. काही बायका म्हणतात, मेन्टेनन्स भरता भरता नाकी नऊ येतील, त्यात हे कशाला? त्यांचेही खोटे नाही. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

पुनर्विकास झालेल्या आपल्या वस्त्यांत कुठे असा ठराव झाला असल्यास त्याची प्रत या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावी. मजकूर कसा लिहायचा, ते आम्हाला हवे आहे. जयभीम.